सक्करचे दरवाजे आणि आपले कालवे

सिंधमधला सक्कर बराज बांधला तेव्हा सिंध मुंबई इलाख्यातच होता. म्हणून त्याला नाव मिळाले मुंबईचे गव्हर्नर लॉइड यांचे. 1932 साली तो सुरू झाला: 66 दरवाजे, दोन्ही काठांवर मिळून सात कालवे. वाळवंटालगतच्या लाखो एकरांत गहू, भात, कापूस पिकू लागला.

बराज म्हणजे साठवणीचे धरण नव्हे. दरवाजे खाली सोडून नदीची पातळी उचलायची आणि पाणी उताराने कालव्यांत सोडायचे, एवढेच त्याचे काम. त्यामुळे दरवाजा गेला की पातळी उतरते आणि कालवे कोरडे पडतात. जून 2024 मध्ये नेमके तेच झाले. 47 क्रमांकाचा दरवाजा ऐन खरिपात निखळला.

दुसरे दुखणे संथ आहे. पाणी भरपूर, निचरा अपुरा. भूजल वर आले आणि जमिनी खारावल्या.

सांगली-कोल्हापूरच्या क्षारपड शिवारांना हे नवे नाही. तरीही आपल्याकडे उद्घाटनाला गर्दी होते. चर खोदायला आणि चाऱ्या दुरुस्त करायला निधी नसतो. नव्या प्रकल्पाचा नारळ फोडण्याआधी सरकारने जुन्या कालव्यांच्या देखभालीचा पैसा वेगळा काढावा.