प्रज्ञाची पॅट होते तेव्हा



परवा शिरड शहापूरला मल्लिनाथांचं दर्शन झाल्यावर बायकांत हाच विषय निघाला. घरोघरची मुलं-सुना परदेशात आहेत, आणि ऑफिसात त्यांची नावं भलतीच असतात. प्रज्ञाची ‘पॅट’, समीक्षाची ‘सॅम’. एक आजी म्हणाल्या, संस्कार बुडाले.

मला तसं वाटत नाही. बाईचं नाव बदलणं आपल्याला कधी जड गेलं होतं? तांदळाच्या ताटात अंगठीने नवं नाव लिहिलं की माहेरचं नाव संपलं. आनंदीबाई जोशी मुळात यमुना. आनंदी हे सासरचं नाव. १८८६ साली फिलाडेल्फियात त्या डॉक्टर झाल्या, पण तिथे साडी आणि नाव दोन्ही आपलंच ठेवलं. पंडिता रमाबाईंना १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्म्याच्या वेळी ‘मेरी रमा’ हे नाव मिळालं, तरी जग त्यांना रमाबाईच म्हणतं. तेव्हा लेकीला बोलण्याआधी आपण किती जणींनी माहेरचं नाव जपलं, ते आठवावं.

मुलांची अडचणही खरी आहे. कॅनडात फिलिप ओरिओपोलस या अर्थशास्त्रज्ञांनी टोरंटोतल्या कंपन्यांना हजारो बनावट अर्ज पाठवून पाहिले. शिक्षण-अनुभव सारखाच, पण इंग्रजी नावाच्या अर्जांना भारतीय किंवा चिनी नावांपेक्षा सुमारे ४० टक्के जास्त बोलावणी आली. हा अभ्यास २०११ साली छापून आला. पोटाचा प्रश्न असताना ‘ताठ मानेने राहा’ असं इथे ओट्याशी उभं राहून सांगणं सोपं आहे.

मला खुपतं ते दुसरंच. काही वर्षांपूर्वी आपल्याकडच्या कॉल सेंटरांत मुलींना रात्री ‘नॅन्सी’ म्हणून बसवायचे आणि आपण भारतातून बोलतोय हे सांगू द्यायचे नाहीत. तिथे नाव हा मुखवटा होतो, आणि सत्य अणुव्रत म्हणणाऱ्या घरात ते सलायलाच हवं. दीक्षा घेतानाही नाव बदलतंच की! पण ते स्वतःच्या इच्छेने, साऱ्या संघासमोर. त्यात लपवाछपवी नसते.

म्हणून ऑफिसात लहान नाव चालेल, तेही शक्यतो आपल्याच नावातून निघालेलं. ‘सॅम’ मला चालते, ‘पॅट’चं प्रज्ञाशी नातं काय ते कळत नाही. पासपोर्ट, डिग्री आणि पगाराचे कागद यांवर मात्र एकच खरं नाव हवं. पुढे व्हिसाच्या वेळी फरक निस्तरत बसणं फार त्रासाचं.

आणि नाव शिकवण्याचा कंटाळा करू नये. आमच्या नरसीचे नामदेव पंजाबात गेले. गुरू ग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदं आहेत, घुमानला लोक आजही त्यांना बाबा नामदेव म्हणतात. भाषा परकी होती, नाव तेच राहिलं. (त्यांना नोकरीचा अर्ज करायचा नव्हता, हेही खरं!)

आता तर बारशाआधीच ‘तिकडे म्हणता येईल ना?’ असं बघून नाव ठेवतात. त्यातही मला वावगं वाटत नाही. नेहा, मीरा, अनिका ही नावं दोन्हीकडे चालतात. फक्त व्हिडिओ कॉलवर नात आली की आजीने तिला तिच्या पूर्ण नावाने हाक मारावी, ‘ज्ञ’ असेल तर ‘ज्ञ’सकट.