ळ चुकला तरी बोला

आमच्या वऱ्हाडातल्या मुसलमान वस्त्यांमध्ये बोलणाऱ्यांची कमतरता नाही. मदरशातला दहा-बारा वर्षांचा मुलगा सालाना जलशात शेकडो लोकांसमोर तकरीर करतो आणि त्याचा आवाज कापत नाही. मुली नात पढतात. मुशायऱ्यात दाद द्यायला आणि घ्यायला आमच्या लोकांना शिकवावं लागत नाही. अकोल्यात किंवा अमरावतीत रात्री चहाच्या टपरीवर बसा, पॅलेस्टाईनपासून पालिकेपर्यंत सगळ्यांचा हिशेब तिथे चुकता होतो.

हाच माणूस दुसऱ्या दिवशी ग्रामसभेत मागच्या रांगेत जाऊन बसतो. मोहल्ल्यातली नाली तुंबलेली आहे, उर्दू शाळेत गणिताचा शिक्षक नाही, कब्रस्तानच्या वॉल कंपाउंडचं काम अर्धवट पडलं आहे, हे सगळं त्याला तोंडपाठ असतं. पण उभं राहून बोलायची वेळ आली की तो शेजाऱ्याला कोपर मारतो, "तू बोल ना". शेजारी तिसऱ्याला सांगतो. शेवटी नेहमीचा एक पुढारी आमच्या वतीनं बोलतो. त्याला सोयीचं तेवढंच बोलतो आणि सभा संपते.

या गप्प बसण्याला लोक 'स्टेजची भीती' म्हणतात. मला हे नाव पूर्ण पटत नाही. स्टेजचीच भीती असती तर जलशातही पाय लटपटले असते. आपल्याला भीती आहे ती मराठीत उभं राहून बोलण्याची, आणि त्याहून जास्त, आपलं मराठी ऐकून कुणी हसेल याची.

मी अकोल्यात वाढलो आणि गेली अनेक वर्षं अमरावतीत राहतो. या दोन शहरांत आणि मधल्या गावांत आमच्या घरांमधली बोली साधारण एकाच धाटणीची आहे. घरात 'मेरेकू' आणि 'हौ', बाजारात 'मले' आणि 'काहून', शाळेच्या पुस्तकात तिसरीच भाषा. उर्दू माध्यमात शिकलेल्या मुलाच्या जिभेला 'ळ' आणि 'ण' लवकर वळत नाहीत. उर्दू लिपीत 'ळ'साठी अक्षरच नाही. तो 'शाळा'ची 'शाला' करतो, 'पाणी'चं 'पानी' करतो. वर्गात एकदा हशा पिकला की पुढची वीस वर्षं तो मराठीत हात वर करत नाही.

आमच्या ओळखीतली एक मुलगी बारावीत असताना एका वक्तृत्व स्पर्धेत उतरली होती. विषय पाण्याचा होता. मूर्तिजापूरकडच्या खारपाणपट्ट्यातल्या गावात राहणारी ही मुलगी. तिथल्या विहिरीचं पाणी खारट, गोड्या पाण्यासाठी लांब जावं लागतं. तिच्या घरातल्या बायांनी हे सगळं डोक्यावर वाहिलेलं. त्या सभागृहात या विषयावर तिच्याइतका अधिकार कुणाचा नव्हता. पण तिनं पहिल्याच वाक्यात 'पानी' म्हटलं आणि मागच्या बाकांवरून हसू आलं. ती खाली बसली. बक्षीस मिळालं ते पाठ केलेल्या भाषणाला, ज्यात खारपाणपट्ट्याचा उल्लेखसुद्धा नव्हता. नुकसान त्या मुलीचं झालंच, पण मला वाटतं, जास्त नुकसान ऐकणाऱ्यांचं झालं.

आता यातली गंमत बघा. ज्या 'ळ'वरून आम्हाला लाज वाटते, तो अस्सल वऱ्हाडी माणसाच्या जिभेवर तरी कुठे आहे? आमच्याकडचा शेतकरी 'डोळे'ला 'डोये' म्हणतो, 'केळी'ला 'केयी' म्हणतो. 'मला-तुला' त्याच्या तोंडी 'मले-तुले' होतं. पुण्याच्या कानाला त्याचं मराठी आमच्याइतकंच वेगळं वाटतं. म्हणजे हसणारा आणि ज्याला हसलं जातं तो, दोघेही प्रमाण मराठीच्या दारात बाहेरच उभे आहेत. फरक एवढाच की एकाला ते दार आपल्या घराचं वाटतं आणि दुसऱ्याला परक्याचं.

ते परकं नाही, हे सांगायला फार लांब जावं लागत नाही. मराठी गद्याचा आद्य ग्रंथ मानलं जाणारं 'लीळाचरित्र' तेराव्या शतकात अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला म्हाइंभटांनी सिद्ध केलं. चक्रधरस्वामी बोलले, ते ऐकणाऱ्यांनी लक्षात ठेवलं आणि त्या आठवणींतून ग्रंथ झाला. मराठी गद्याची सुरुवातच अशी बोलण्यातून झाली. मुसलमानांचं म्हणाल, तर १९१६ साली बार्शीत जन्मलेल्या अमर शेखांचा आवाज संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात मैदानं भरून टाकायचा. त्यांचं मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल. गर्दी पोवाडा ऐकायला यायची, शाहिराच्या आडनावाची चौकशी करायला नाही. १९९० साली सोलापुरात पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरलं, तेही मराठीतच. या भाषेच्या मंचावर आपण पाहुणे म्हणून चढत नाही.

लोकांना धरून ठेवणारं बोलणं कसं असतं, याचा धडा आमच्या मातीत एका माणसानं घालून ठेवला आहे. गाडगेबाबांचा जन्म १८७६ साली शेंडगावचा, अमरावती जिल्ह्यातला. लहानपण गेलं मामाच्या घरी, मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला, गुरं राखण्यात आणि शेतात राबण्यात. शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. २० डिसेंबर १९५६ ला वलगावजवळ त्यांनी देह ठेवला आणि आज अमरावतीच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. मृत्यूच्या काही आठवडे आधी मुंबईत वांद्र्याला त्यांनी केलेलं कीर्तन ध्वनिमुद्रित झालेलं आहे. धर्म कुठलाही असो, ज्याला बोलायला शिकायचं आहे त्यानं ते एकदा ऐकावं.

त्यात दोन गोष्टी कानावर येतात. पहिली म्हणजे भाषा. ठेठ वऱ्हाडी, कुठेही साफसूफ न केलेली. दुसरी म्हणजे प्रश्न. बाबा सांगत कमी आणि विचारत जास्त. कर्ज काढून सण करावा का, पोरांना शाळेत घालावं की नाही, शिवाशीव पाळणं बरोबर आहे का, असे प्रश्न ते समोरच्या गर्दीला टाकत आणि उत्तर गर्दीकडूनच वदवून घेत. ज्यानं स्वतःच्या तोंडानं उत्तर दिलं, त्याला ते घरी जाऊन विसरणं अवघड जातं. हजार माणसं बसलेली असली तरी बोलणं एकेकाशी चालू आहे असं वाटतं.

तिसरी गोष्ट ध्वनिमुद्रणात नाही, ती कीर्तनाच्या आधीची आहे. बाबा गावात आले की आधी खराटा हातात घेत. दिवसभर गाव झाडत आणि रात्री कीर्तनाला उभे राहत. आपण याकडे स्वच्छतेचा धडा म्हणून पाहतो, तो आहेच. पण मला त्यात वक्त्याची तयारीसुद्धा दिसते. दिवसभर गल्ल्या झाडणाऱ्याला दारूचा गुत्ता कुठे आहे, कुणाचं पोर शाळेच्या वेळेत गोट्या खेळतं, कुठल्या वस्तीपर्यंत पाणी पोचत नाही, हे सगळं दिसतं. रात्री तो बोलायला उभा राहतो तेव्हा त्याच्याजवळ त्या गावाचंच काहीतरी असतं. आपल्याकडच्या बहुतेक भाषणांचं दुखणं इथे आहे. वक्त्याकडे शेर भरपूर असतात, गावाची माहिती नसते.

बरं, हे सगळं कळलं तरी उभं राहताना छाती धडधडतेच. ती धडधडू द्या. गांधीजी बॅरिस्टर होऊन आले, मुंबईच्या स्मॉल कॉज कोर्टात पहिल्या खटल्यात उलटतपासणीला उभे राहिले आणि एक प्रश्नही न विचारता खाली बसले. खटला दुसऱ्या वकिलाकडे सोपवावा लागला. पुढे १८९६ साली मुंबईच्या सभेत भाषण लिहून नेलं होतं, तेही त्यांना वाचता येईना, शेवटी दिनशा वाच्छांनी ते वाचलं. हे त्यांनी स्वतःच आत्मकथेत लिहून ठेवलं आहे. या बुजरेपणानं आपल्याला शब्द जपून वापरायला शिकवलं, असंही ते सांगतात.

आणि आपल्याला तर त्याहून जुनी मिसाल माहीत आहे. फिरऔनसमोर जायचा हुकूम झाला तेव्हा हजरत मूसा (अलैहिस्सलाम) यांनी जी दुआ मागितली, ती सूरह ताहामध्ये आहे. छाती मोकळी व्हावी, काम सोपं व्हावं, जिभेची गाठ सुटावी, म्हणजे लोकांना आपलं म्हणणं समजेल, असा तिचा आशय. मदतीला भाऊ हारून यांना मागितलं, कारण त्यांची जबान जास्त साफ होती. कितीतरी लोक परीक्षेआधी ही दुआ पढतात, पण तिच्या अर्थावर थांबत नाहीत. टाळ्या पडाव्यात, लोक वाहवा म्हणोत, असं त्यात काही नाही. म्हणणं समजावं, एवढंच मागणं आहे. आणि दुआ मागून ते घरी बसले नाहीत, गेले आणि बोलले.

आणखी एक गोष्ट मुलांना सांगितली की त्यांचा अर्धा जीव भांड्यात पडतो. अमेरिकेतल्या सवित्स्की आणि गिलोविच या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००३ साली प्रयोग मांडले होते. बोलणाऱ्याला वाटतं की आपली घबराट सगळ्यांना दिसते आहे, ऐकणाऱ्यांना मात्र ती त्याच्या अंदाजापेक्षा बरीच कमी दिसते. विशेष म्हणजे हे ज्यांना आधी सांगितलं गेलं, त्यांची भाषणं जास्त चांगली झाली. तुमच्या पोटातला गोळा समोरच्याला दिसत नाही, एवढं माहीत असणंही कामाचं आहे.

शाळांमधल्या वक्तृत्व स्पर्धांबद्दल माझी तक्रार आहे. तिथे मुलांना बोलायला शिकवत नाहीत, पाठांतर शिकवतात. 'अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजन वर्ग' इथून सुरुवात, ठरलेल्या वाक्यावर मूठ वर, ठरलेल्या वाक्यावर डोळ्यांत पाणी. एक ओळ विसरली की सगळी इमारत कोसळते, आणि भीती पक्की होते ती त्याच क्षणी. आमच्याकडच्या तकरिरीतही हेच चालतं, फक्त शब्द बदलतात.

माझं सांगणं साधं आहे. भाषण पाठ करू नका. पहिलं वाक्य आणि शेवटचं वाक्य तेवढं पक्कं ठेवा, मधला मुद्दा तुमच्या माहितीचा असू द्या. एका वेळी एकच मुद्दा घ्या. पहिल्यांदा उभं राहायचं असेल तर भाषणापेक्षा प्रश्न विचारा, 'आमच्या वॉर्डातल्या नालीचं काम कधी सुरू होणार?' एवढा एक प्रश्न पुरतो. चिठ्ठीवर तारीख आणि आकडा लिहून न्या, कारण आकडा असलेल्या माणसाला सहसा कुणी हसत नाही. ओळखीच्या एका चेहऱ्याकडे बघून बोला. सावकाश बोला. अडलात तर थांबा, ते थांबणं तुम्हाला मिनिटभराचं वाटतं, लोकांना श्वासाएवढं. मराठी शब्द सापडला नाही तर उर्दू शब्द टाका आणि पुढे चला. अर्ज, तारीख, जाहीर, हजर, हे शब्द मराठीनं फारसी-अरबीतूनच घेतलेले आहेत. आणि लवकर संपवा. नमाज लांब आणि खुतबा आटोपशीर असणं हे माणसाच्या समजदारीचं लक्षण आहे, या आशयाची हदीस सहीह मुस्लिममध्ये आहे. आमच्या जलशांच्या संयोजकांनी ती मंचामागे लावून ठेवायला हरकत नाही.

सराव करायला मोठं सभागृह लागत नाही. शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि निम्म्या स्त्रिया. उर्दू शाळेच्या त्या समितीत बसलेल्या आपल्या किती आया-बहिणी तोंड उघडतात? वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात, त्यांच्या आधी महिलांची वेगळी सभा असते. पंचायतींमध्ये २०११ पासून निम्म्या जागा बायकांसाठी राखीव आहेत. निवडून आलेली खाला खुर्चीवर बसते आणि खालूजान तिच्या वतीनं बोलतात, हे चित्र सगळ्याच समाजांत आहे, आपल्यातही आहे. हिशेब तिला कळतो, पाणी तीच भरते, शाळेत पोराला तीच सोडते. तिला बोलू देण्यासाठी नवऱ्यानं फक्त दहा मिनिटं गप्प बसायचं आहे.

आणि जे आपलं मराठी ऐकून हसतात, त्यांनाही एक विनंती. गाडगेबाबांची भाषा पुस्तकी नव्हती म्हणून कुणी कीर्तनातून उठून गेलं नाही. समोरचा 'शाला' म्हणत असेल, तर त्या शाळेत शिक्षक नाही हे तो सांगतो आहे. आधी ते ऐकून घ्या.

पुढच्या ग्रामसभेची नोटीस लागेल तेव्हा ती वाचा. विषयपत्रिकेत आपल्या मोहल्ल्याचा प्रश्न नसेल तर आधी अर्ज द्या, आणि त्या दिवशी मागची रांग सोडून दुसऱ्या रांगेत बसा. शेजाऱ्याला कोपर मारू नका. स्वतः उभे राहा, नाव सांगा, वॉर्ड सांगा, एक प्रश्न विचारा आणि बसा. 'ळ' येतो हळूहळू.