ग्रंथपूजा आणि श्रीरामपूरचे ऋण

नवरात्राचे नऊ दिवस एडवणच्या आशापुरी देवीच्या चरणी वाहिल्यावर दसऱ्याला आपण घरोघर पाटीवर सरस्वती रेखाटतो आणि पोथ्यांना गंधफूल वाहतो. त्या वेळी एका ऋणाचेही स्मरण व्हावे, असे आम्हांस वाटते. छापील मराठी ग्रंथाच्या आरंभाचा एक मोठा वाटा बंगालमधील एका बाप्टिस्ट मंडळीकडे जातो.

वैतरणेपलीकडे वसईत आपल्याला दिसतात ती चर्चे बहुतांशी कॅथलिकांची. बाप्टिस्ट पंथ त्याहून निराळा. माणसाने जाणत्या वयात, स्वेच्छेने, पाण्यात बुडी घेऊन दीक्षा घ्यावी असे तो मानतो. या पंथाच्या विल्यम कॅरी, जोशुआ मार्शमन आणि विल्यम वॉर्ड यांनी १८०० साली हुगळीकाठच्या श्रीरामपुरात, त्या वेळच्या डॅनिश वसाहतीत, आपली मंडळी स्थापिली व छापखाना घातला. शेजार मात्र वैष्णवांचा! जवळच माहेशच्या जगन्नाथाची प्राचीन रथयात्रा आणि वल्लभपूरचे राधावल्लभाचे मंदिर.

या देशीच्या कारागिरांनी व पंडितांनीच त्या छापखान्यास बळ दिले. पंचानन कर्मकार आणि त्यांचे जावई मनोहर यांनी तेथे खिळे घडविले. वैजनाथ पंडितांनी कॅरीसाहेबांना मराठीत साह्य केले. १८०५ साली मराठीचे व्याकरण आणि १८१० साली मोडी खिळ्यांत मराठीचा कोश निघाला. पुढे 'सिंहासन बत्तिशी' व 'हितोपदेश' मराठीत छापले गेले. त्याआधी, १८०२-०३ मध्ये, कृत्तिवासांचे बंगाली रामायणही याच छापखान्यातून बाहेर पडले होते.

यावर कोणी म्हणेल, 'त्यांचा हेतू धर्मांतराचाच होता.' होय, होता. तो त्यांनी कधी लपविला नाही आणि आपल्या दैवतांवर टीकाही पुष्कळ केली. ते विसरावे असे आम्ही म्हणत नाही. परंतु कॅरींना बंगाली शिकविणारे रामराम बसू वर्षानुवर्षे त्यांच्या सहवासात राहूनही अखेरपर्यंत हिंदूच राहिले. ज्याची श्रद्धा दृढ आहे, त्याला परक्याची विद्या घेताना भय कशाचे?

ग्रंथ छापण्याची इच्छा आपल्याकडेही होती. १८०५ सालीच मिरजेस पटवर्धनांच्या आश्रयाने तांब्याच्या पत्र्यांवर कोरून भगवद्गीता छापली गेली. मात्र त्या पत्र्यांवर गीतेखेरीज दुसरे काही छापणे शक्य नव्हते. सुटे खिळे मोडून पुन्हा जुळविता येतात, आणि त्या सोयीमुळेही पोथी पुढे सामान्य गृहस्थाच्या देव्हाऱ्यापर्यंत पोहोचली.

दसरा हा सीमोल्लंघनाचा दिवस. पोथीवर फूल वाहताना तिच्यातील देवाला वंदन करावे, आणि ती आपल्या घरी आणणाऱ्या हातांचेही, मग ते कोणत्याही पंथाचे असोत, कृतज्ञतेने स्मरण करावे. त्याने आपल्या धर्मास उणेपणा येत नाही. ऋण मानणे हाही आपला धर्मच आहे.