चिठ्ठी पाच दिवसांची, गोळी वर्षभर! दुखण्याच्या गोळीची सवय सुटते, पण घरी कोंडून नाही

जळगाव/धुळे : रावेर-यावल पट्ट्यात केळीचे घड खांद्यावर वाहणारा मजूर असो, नाहीतर शिंदखेड्याकडे कापूस वेचणारी बाई, कंबर-मान दुखल्याशिवाय हंगाम जात नाही. दुखलं की गोळी. पहिली गोळी बहुतेक वेळा डॉक्टरच देतात, ऑपरेशननंतर किंवा हाड मोडल्यावर. त्यात वावगं काही नाही. घोळ पुढे होतो. चिठ्ठी पाच दिवसांची असते, गोळी मात्र वर्षभर चालते. रिकामं पाकीट मेडिकलवर दाखवायचं अन् 'हीच द्या' म्हणायचं.

दुखण्याच्या सगळ्या गोळ्या सारख्या नसतात. पॅरासिटामॉल, डायक्लोफिनॅक जास्त झाल्या तर लिव्हर, पोट, किडनी बिघडते, पण त्यांची नशेसारखी सवय लागत नाही. ट्रामाडोल, टॅपेंटाडोल, पेंटाझोसिन आणि खोकल्याच्या काही औषधांतलं कोडीन हे वेगळ्या घरचे. मेंदूत अफू जिथे काम करते, तिथेच ही औषधंही काम करतात. दुखणं दबतं, थकवा कळत नाही, कामाला हुरूप येतो. काही आठवड्यांनी एकीने भागत नाही, दोन लागतात. मग दुखणं राहो न राहो, गोळी नसली की माणूस उठत नाही. 'एम्स'च्या तज्ज्ञांनी केलेल्या आणि 2019 मध्ये जाहीर झालेल्या देशव्यापी पाहणीत अशा औषधांचा गैरवापर शंभरात जवळपास एकाकडे आढळला होता.

कायदा ढिला आहे असं नाही. 2013 मध्ये डेक्स्ट्रोप्रोपॉक्सिफेनवर बंदी आली. एप्रिल 2018 मध्ये ट्रामाडोल थेट अमली पदार्थांच्या कायद्याखाली आलं. अशा पाकिटावर लाल रंगात 'एनआरएक्स' ही इंग्रजी अक्षरं असतात, ती घरातल्या पाकिटावर आजच बघावीत. डॉक्टरांनी तसं लिहिलं नसेल तर एका चिठ्ठीवर दुसऱ्यांदा औषध देता येत नाही. मेडिकलवाल्याने डॉक्टरचं, रुग्णाचं नाव आणि किती गोळ्या दिल्या ते वेगळ्या वहीत लिहून ती वही तीन वर्षं जपायची असते. हे सगळं पाळलं तर रिकाम्या पाकिटावर गोळी मिळायलाच नको. अन् एक गोळी आवळली की दुसरी पुढे येते. टॅपेंटाडोल आणि कॅरिसोप्रोडोल एकत्र असलेल्या गोळ्या मुंबईच्या एका कंपनीकडून पश्चिम आफ्रिकेत जात असल्याचं फेब्रुवारी 2025 मध्ये बीबीसीने उघड केलं. त्यानंतर केंद्राने त्या मिश्रणाची निर्यात थांबवली.

आपल्याकडे बातमी होते ती पोलिसांनी पकडलेल्या खोक्यांची. मालेगाव-धुळ्याकडची 'कुत्ता गोळी' सगळ्यांना ठाऊक आहे. ती अल्प्राझोलाम, म्हणजे चिंता कमी करणारी आणि झोप आणणारी गोळी, अफूच्या घरची नव्हे. मात्र दोन्ही एकत्र घेतल्या, वरून दारू झाली, तर झोपेतच श्वास थांबू शकतो. कंबरदुखीतून सवय लागलेला शेतकरी या कुठल्याच बातमीत नसतो. तो स्वतःला व्यसनी समजत नाही, घरचेही समजत नाहीत.

मग कधीतरी पैसे संपतात किंवा बायको पाकीट फेकून देते. एक-दोन दिवसांत नाक गळतं, जांभया सुटतात, अंग मोडून येतं, जुलाब होतात, झोप उडते. दुसरा-तिसरा दिवस सगळ्यात वाईट. साधारण आठवड्यात त्रास ओसरतो, पण तेवढं थांबणार कोण? चौथ्या दिवशी माणूस परत मेडिकलवर. ट्रामाडोल जास्त घेणाऱ्याला फिट येण्याचाही धोका असतो. म्हणून खोलीत कोंडून 'सोडव' म्हणणं हा उपाय नाही.

मानसोपचार डॉक्टर गोळी टप्प्याटप्प्याने कमी करतात, किंवा ब्युप्रेनॉर्फिन, क्लोनिडिनसारख्या औषधांनी त्रास आवरतात. मूळ कंबरदुखीचा इलाजही सोबत करावा लागतो, नाहीतर पहिल्याच पेरणीला गाडी परत तिथेच. नातेवाइकांनी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. महिनाभर गोळी सुटल्यावर शरीराची सहनशक्ती उतरते. तेव्हा जुन्याच हिशेबाने पाच-सहा गोळ्या एकदम घेतल्या तर जीव जाऊ शकतो.

दवाखान्यात गेलं की पोलीस येतील, ही भीती गावात मोठी आहे. पण अमली पदार्थ कायद्याचं कलम 64अ नेमकं याच्यासाठी आहे. स्वतःच्या सेवनाचा किंवा थोड्या मालाचा गुन्हा असला, तरी सरकारी किंवा मान्यताप्राप्त ठिकाणी आपणहून पूर्ण उपचार घेणाऱ्यावर त्यासाठी खटला चालत नाही. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात नशेतून आलेला त्रास मानसिक आजारातच मोडतो. त्यामुळे मारझोड करणारं, साखळीने बांधणारं केंद्र बेकायदा ठरतं. खासगी केंद्रात भरती करण्याआधी नोंदणीचा कागद मागावा. दाखवायला कां-कूं केली तर तिथून निघावं.

जळगावचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि धुळ्याचं भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, दोन्हींकडे मानसोपचार विभाग आहे. पुण्यात 1986 पासून 'मुक्तांगण' आहे. जायच्या आधी फोनवर विचारायचं तर व्यसनमुक्तीसाठी 14446 आणि मानसिक आरोग्यासाठी 14416 हे सरकारी नंबर फुकट आहेत. जाताना जुनी चिठ्ठी आणि रिकामी पाकिटं पिशवीत टाकावीत, अन् दिवसाला किती गोळ्या लागतात तो आकडा खरा सांगावा. औषधाचं माप डॉक्टर त्यावरच ठरवतात.