आवाज मागून येतो



१९९१ सालचे जानेवारी-फेब्रुवारीचे ते दिवस आपल्यातले म्हातारे काही विसरलेले नाहीत. तोंडाला मास्क, दाराच्या फटींना चिकटपट्टी, आणि मग तो धडाका. त्या दिवसांत तिकडे सौदी अरेबियात रियाध नि दहरानचे लोकही असेच जागत होते. क्षेपणास्त्रे तीच, स्कड.

२५ फेब्रुवारी १९९१ च्या रात्री एक स्कड दहरानजवळ अमेरिकन सैनिकांच्या बराकीवर पडले. २८ जण मेले, शंभराच्या आसपास जखमी झाले. नर्सचे काम केलेल्या बाईला हा दुसरा आकडा आधी दिसतो. तिथल्या पॅट्रियटचा कॉम्प्युटर १०० तास सतत चालू होता आणि त्याचे घड्याळ सेकंदाच्या एक तृतीयांश भागाने चुकले होते. एवढ्याशा वेळात काय होते, असे तुम्ही म्हणाल. तेवढ्यात आवाज ११५ मीटर जातो, आणि स्कड जाते अर्ध्या किलोमीटरच्याही पुढे! रडार भलत्याच जागी बघत राहिले.

म्हणजे स्कडचा वेग आवाजाच्या जवळजवळ पाचपट. जी वस्तू आवाजापेक्षा जलद येते तिचा आवाज तिच्या मागून येतो. त्या बराकीतल्या पोरांना ते येताना ऐकू येणे शक्यच नव्हते. म्हणून मी घरच्यांना सांगत असते, कान टवकारून बसू नका, सायरन वाजला की उठा. सायरनला बातमी आवाजाने मिळत नाही. १९९१ साली क्षेपणास्त्राच्या शेपटीची आग उपग्रहाला आकाशातून दिसायची नि निरोप रेडिओने यायचा. फक्त भोंग्यापासून आपल्या कानापर्यंतचा शेवटचा टप्पा तेवढा आवाजाचा.

मुलांनो, आवाजाला एक किलोमीटर जायला साधारण तीन सेकंद लागतात. वीज चमकली की मोजायला लागा. गडगडाट होईपर्यंत नऊ झाले तर वीज तीन किलोमीटरवर.

पण हा वेग कायम एकच नसतो. हवा २० अंश असेल तर सेकंदाला ३४३ मीटर, आणि दर अंशाला सुमारे ०.६ मीटर वाढतो. हवेतले कण गरमीत जोराने धावतात, त्यामुळे धक्का लवकर पुढे जातो. दमट हवा जड असते असे आपण कोकणातले लोक समजतो, पण ती कोरड्या हवेहून हलकी असते, कारण पाण्याची वाफ हलकी. म्हणून दमटपणानेही वेग थोडा वाढतो. याच दहरानला ८ जुलै २००३ रोजी तापमान ४२ अंश आणि दवबिंदू ३५ अंश नोंदला गेला. जगातल्या सर्वांत दमट नोंदींपैकी ही एक. मुंबईचा मे महिना त्यापुढे काहीच नाही! त्या हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३५९ मीटर गेला असता. उलट अभा हे सौदीचे डोंगरावरचे शहर, उंची सुमारे २२०० मीटर. तिथे आवाज हळू जातो, पण हवा विरळ म्हणून नव्हे, थंड म्हणून.

पाण्यात वेग चौपटीच्याही वर, सेकंदाला सुमारे १५०० मीटर. आपल्या शरीरात तर बहुतेक पाणीच. सोनोग्राफीचे मशीन १५४० मीटर हा वेग धरूनच चालते. आवाज आत जाऊन परत यायला किती वेळ लागला, त्यावरून बाळाचे डोके किती मोठे ते सांगते. किती आयांना मी ते चित्र दाखवले असेल!

घन वस्तूत वेग आणखी जास्त. लोखंडात सेकंदाला पाच हजार मीटरच्या वर. वाळू मात्र हट्टी. सौदीच्या रुब अल खाली वाळवंटात फिल्बी नावाच्या इंग्रज प्रवाशाने १९३२ साली टेकडीवरून वाळू घसरताना मोठा घुमणारा आवाज ऐकला होता. टेकडीच्या वरच्या कोरड्या थरात आवाज सेकंदाला जेमतेम २०० मीटर जातो, हवेपेक्षाही हळू, कारण कण एकमेकांना नुसते टेकलेले असतात, चिकटलेले नसतात. खाली ओल लागली की तो पुन्हा जलद होतो.