मुहूर्त काढण्याआधी मुलांना विचारा

आई-बाबांनो, आजी-आजोबांनो, मामा-आत्यांनो,

तुळशीचं लग्न लागलं की लग्नसराई सुरू होते. येत्या काही आठवड्यांत घरोघरी पत्रिका बाहेर निघतील, स्थळं सांगून येतील, कांदेपोह्यांचे कार्यक्रम ठरतील. त्यांतल्या काही घरांत एखादा मुलगा किंवा मुलगी ‘मला लग्न करायचं नाही’ असं सांगत असेल आणि घरचे ऐकून न ऐकल्यासारखं करत असतील. हे आवाहन त्या घरांसाठी आहे. हॉलची आगाऊ रक्कम भरण्याआधी ते तुमच्यापर्यंत पोहोचावं, म्हणून आजच लिहिते आहे.

मी गेली 22 वर्षं वधू-वर सूचक केंद्र चालवते. बरीच लग्नं जुळवली, पण त्यातलं एक मनातून जात नाही. मुलगा इंजिनिअर, निर्व्यसनी, एकुलता एक. वडील त्याला घेऊन नाव नोंदवायला आले होते. मी विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला उत्तर दिलं ते वडिलांनी. मुलगा माझ्या टेबलाच्या काचेखाली ठेवलेल्या जुन्या लग्नपत्रिका बघत बसला होता. ‘लाजाळू दिसतात,’ मी म्हटलं. ‘लग्न झालं की मोकळा होईल,’ वडील म्हणाले. पुढे माझ्याकडे नाव नोंदवलेल्या एका मुलीशी त्याचे 36 पैकी 28 गुण जुळले आणि लग्न झालं. रक्तगट, रास, नाडी, पगार, घर, सगळं मी विचारलं होतं. तुला लग्न करायचंय का, एवढं मात्र विचारलं नव्हतं.

दीड वर्षाने तीच मुलगी पुन्हा नाव नोंदवायला आली. फॉर्म भरता भरता तिचं पेन ‘वैवाहिक स्थिती’च्या रकान्यापाशी थांबलं. ‘काकू, इथे काय लिहू?’ आमच्या व्यवसायात अशा मुलींसाठी एक शब्द आहे, छोट्या जाहिरातींत तुम्ही तो वाचलाही असेल: ‘नाममात्र घटस्फोटित’. तिने तो लिहिला. मग सगळं सांगितलं. आपल्याला पुरुषांबद्दल ओढ वाटते, हे मुलाने साखरपुड्याच्या आधीच आईला सांगितलं होतं. आईने स्वतःच्या गळ्याची शपथ घालून त्याला बोहल्यावर चढवलं. लग्नानंतर आठ दिवसांतच त्याने रडत रडत बायकोला खरं सांगितलं. ‘माझा त्याच्यावर राग नाही, काकू,’ ती म्हणाली. ‘ज्यांना आधी माहीत होतं, त्यांच्यावर आहे.’

तो राग माझ्याही वाट्याचा आहे, म्हणून हे लिहिणं मला टाळता येत नाही.

‘लग्न झालं की सगळं सुरळीत होईल’ हे वाक्य कृपा करून घरातून हद्दपार करा. समलैंगिकता हा आजार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 1990 सालीच ती आजारांच्या यादीतून वगळली आहे. जो आजारच नाही, त्यावर लग्न हा उपाय कसा असेल? अंगारे-धुपारे, शपथा, ‘सुधारण्याची’ औषधं, विजेचे झटके, यांनीही ओढ बदलत नाही. माणूस मात्र आतून खचतो. असे ‘उपचार’ करणं हे डॉक्टरांचं व्यावसायिक गैरवर्तन आहे, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 2022 मध्ये राज्यांच्या वैद्यकीय परिषदांना कळवलं आहे. तेव्हा कुणी तशी हमी देऊन पैसे मागत असेल, तर तिथून उठा.

मुलींच्या बाबतीत तर फार घाई होते. मैत्रिणीवर जीव आहे असं कळलं की मोबाइल काढून घेतला जातो, कॉलेज बंद होतं आणि पंधरा दिवसांत मिळेल त्या स्थळाला ‘उजवून’ टाकतात. मुलगा निदान नोकरीच्या निमित्ताने दुसऱ्या गावी निघून जाऊ शकतो. अनोळखी घरात, नको असलेल्या स्पर्शाला तोंड देत त्या मुलीने दिवस कसे काढायचे?

‘हे परदेशातून आलेलं खूळ आहे’ असं मला पुष्कळदा ऐकवलं जातं. परदेशातून आला तो या संबंधांना गुन्हा ठरवणारा 377 कलमाचा कायदा. इंग्रजांनी 1860 मध्ये तो भारतीय दंड संहितेत घातला. प्रौढांच्या संमतीच्या संबंधांना त्यातून सोडवायला 6 सप्टेंबर 2018 उजाडावा लागला. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठातल्या पाचही न्यायमूर्तींनी त्या दिवशी एकमताने निकाल दिला. या विषयावर मराठीत उघड बोलणं तर त्या निकालाहून कितीतरी जुनं आहे. र. धों. कर्वे यांनी 1927 मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढून लैंगिक प्रश्नांवर लिहायला सुरुवात केली. अश्लीलतेचे खटले अंगावर आले, आणि 1934 च्या खटल्यात त्यांचे वकील म्हणून उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. विजय तेंडुलकरांच्या ‘मित्राची गोष्ट’मधून स्त्रीवर प्रेम करणारी कॉलेजातली मुलगी 1981 सालीच मराठी रंगमंचावर आली. आपल्या घरातल्या मुलांनी बोलायला घ्यावं, तर आपण आजही टीव्हीचा आवाज वाढवतो.

समलिंगी विवाहाला कायद्याने मान्यता द्यावी की नाही, यावर देशात वाद आहे. 17 ऑक्टोबर 2023 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने तो प्रश्न संसदेवर सोपवला. माझ्या मते तो हक्क मिळायला हवा, आणि राजकीय पक्षांनी निवडणुकीपुरते नव्हे तर कायमचे या माणसांच्या बाजूने उभे राहायला हवे. तुमचं मत वेगळं असू शकेल. पण आज मी जे मागते आहे, त्यासाठी ना संसदेची वाट पाहायला हवी, ना तुमचं राजकीय मत बदलायला हवं. कुणाच्या मुलीला वा मुलाला फसवून बोहल्यावर उभं करू नये, हे सगळ्यांनाच मान्य आहे. आपण जिला संस्कृती म्हणतो, तिचीही तीच शिकवण आहे.

म्हणून माझं कळकळीचं सांगणं:

आई-वडिलांनो, मुलाने नकार दिला तर तो नकार पुरेसा माना. कारण सांगण्याची सक्ती करू नका. त्याने विश्वासाने काही सांगितलंच, तर ते नातेवाइकांत पसरवू नका. उपास, अबोला, जीव देण्याची धमकी ही हत्यारं पोटच्या पोरांवर उगारू नका.

मुला-मुलींनो, तुम्ही सज्ञान आहात. लग्न कुणाशी करायचं, करायचं की नाही, हे ठरवण्याचा अधिकार कायद्याने तुमचाच आहे. कुणी डांबून ठेवत असेल, मारहाण करत असेल, तर 112 वर फोन करा. स्त्रियांसाठी 181 आहे. मोफत कायदेशीर मदतीसाठी 15100 आणि मन खचलं असेल तर टेलिमानसचा 14416 हा क्रमांक आहे. मुंबईत 1994 पासून हमसफर ट्रस्ट आणि पुण्यात 2002 पासून समपथिक ट्रस्ट समलैंगिक व्यक्तींसाठी काम करत आले आहेत. तुम्ही एकटे नाही.

ज्यांची अशी फसवणूक झाली आहे, त्यांनी दोष स्वतःकडे घेऊ नये. संमती फसवून मिळवली असेल तर हिंदू विवाह कायद्याच्या 12 व्या कलमाखाली लग्न रद्द करून मागता येतं, मात्र फसवणूक कळल्यापासून वर्षाच्या आत. वकिलाला लवकर भेटा.

आणि माझ्या व्यवसायबंधू-भगिनींनो, ती मुलगी पुन्हा नाव नोंदवायला आली, त्या दिवसापासून मी एक नियम पाळते. नाव नोंदवायला आलेल्या मुला-मुलीशी दहा मिनिटं एकटीने बोलते, पालकांना बाहेर बसवून. काही पालक रागावून उठून जातात. माझी फी बुडते, बुडू दे. तुम्हीही हे सुरू करा.

आज रात्री जेवणं झाली की मुलाजवळ किंवा मुलीजवळ बसा आणि विचारा, ‘तुला लग्न करायचंय का?’ उत्तर ‘नाही’ असं आलं, तर पत्रिका पुन्हा कपाटात ठेवा आणि त्याला जवळ घ्या.