बस फुकट झाली, पण वेळेचं काय?

"कॉलेज जवळच आहे, हॉस्टेल कशाला?" असं म्हणणाऱ्यांनी महिनाभर बोरगावातून निपाणीला बसनं ये-जा करून दाखवावी.

11 जून 2023 पासून शक्ती योजनेत पोरींचं तिकीट माफ झालं. चांगलंच झालं. पण थांब्यावर गेलेले तास कोण परत देणार? परतीची गाडी धरायची म्हणून लायब्ररी अर्ध्यात सोडायची, घरी आलं की तंबाखू आणि जनावरं वाट बघतच असतात. इचलकरंजी-कोल्हापूरला शिकणाऱ्यांचं तर आणखी अवघड. डिसेंबर 2022 मध्ये सीमावाद पेटला आणि दोन्ही राज्यांमधल्या गाड्या थांबल्या. वाद सरकारांचा, तास बुडणार आपला!

शाळा काढून भागत नाही, पोराला राहायला जागा लागते, हे शाहू महाराजांनी ओळखलं. कोल्हापुरात 1901 पासून बोर्डिंगं उभी राहिली. भाऊराव पाटलांनी 1924 मध्ये साताऱ्यात सगळ्या जातींची पोरं एका पंगतीला बसवली.

पैसे नाहीत म्हणता? मग वीस खाटांपासून सुरू करा, आधी मुलींसाठी. मराठी-कन्नड बघू नका. मी तर म्हणतो, पोरांनो, यंदा प्रवेश घेताना प्रत्येक कॉलेजला एकच विचारा: राहायची सोय कुठाय?